दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना, गाडीच्या पासिंगबद्दल

ती. काकूंस,
सा. न. वि. वि.

आभार मानलेले तुम्हाला आवडत नाहीत, हे जिन्यात ऐकवून झालं आहे. म्हणून चारचौघांत लिहिते आहे. इथे तुम्हाला मला मध्येच तोडून "ते राहू दे, पीयूसी काढलीस का सांग" असं म्हणता येणार नाही. (काढली.)

इंग्लंडहून कायमचं परत येताना गाडीही आणायची असं मी म्हटलं, तेव्हा घरच्यांपासून ऑफिसातल्या लोकांपर्यंत सगळ्यांचा सल्ला एकच: विकून ये. हिशेबाने त्यांचंच बरोबर होतं. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण कस्टम्सकडे त्याचं कोष्टक असतं. ते कोष्टक सगळी नोकरी आरटीओत काढलेल्या तुम्ही मला व्हिडिओ कॉलवर, मेथी निवडता निवडता समजावलंत. मी गाडी कितीला घेतली याला तिथे फारसा अर्थ नाही. ती नवी असताना कंपनीची जी किंमत होती, तिच्यातून घसारा वजा करायचा: पहिल्या वर्षी दर तिमाहीला ४ टक्के, दुसऱ्या वर्षी ३, तिसऱ्या वर्षी अडीच. मग जहाजाचं भाडं आणि विमा मिळवायचा, आणि जो आकडा येईल त्यावर ड्युटी. ती त्या आकड्यापेक्षाही मोठी. माझा चेहरा पाहून तुम्ही म्हणालात, "विचार बदलायचा तर आत्ताच बदल. गाडी अजून तिकडेच आहे."

मी बदलला नाही. तुम्हीही पुन्हा तो विषय काढला नाहीत, आणि याचं मला फार अप्रूप वाटतं. पुण्यात एवढा मोठा मुद्दा हातात असताना तो परत न काढणारी माणसं किती?

कायमचं परतणाऱ्यांसाठी वेगळी तरतूद आहे. दोन वर्षं सलग परदेशात काढलेली असावीत, गाडी किमान वर्षभर स्वतःच्या ताब्यात असावी, ड्युटी मात्र पूर्ण. मी दोन्ही अटींत बसत होते आणि निर्धास्त होते. तुमचं म्हणणं वेगळं पडलं: या तरतुदीच्या भरवशावर बसू नकोस, बाहेरून येणाऱ्या कुठल्याही जुन्या गाडीचे नियमही पुरे होतील अशीच फाईल कर. म्हणजे वय तीन वर्षांच्या आत, स्टीयरिंग उजवीकडे, स्पीडोमीटर किलोमीटरचा, आणि गाडी उतरणार मुंबई बंदरात. इंग्लंडातल्या रस्त्यांवर मैलांच्या पाट्या, त्यामुळे गाडीही मैलांत बोलते. माझ्या गाडीत ते पडद्यावरून बदलता येतं, असं मी सांगितलं. तुम्ही म्हणालात, "सांगू नकोस, बदल आणि फोटो पाठव."

पण खरा पेच तुम्हाला दिसला तो तिथल्या आरसीत. व्ही-फाइव्ह-सी म्हणतात तिला. मी दोन्ही बाजूंचा फोटो पाठवला, तुम्ही चष्मा पुसून तो मोठा करून पाहिलात आणि विचारलंत, "ही नोंदणीची तारीख झाली. गाडी बनली कधी?" कागदावर ते नव्हतंच. आपल्याकडे चेसिस नंबरातच महिना आणि वर्ष असतं, त्यामुळे विचारायची वेळ येत नाही. तिकडच्या नंबरात ते तसं सापडत नाही. त्यातून इंग्लंडात नव्या वर्षाच्या नंबरप्लेट १ मार्च आणि १ सप्टेंबरला सुरू होतात, आणि नवा नंबर मिळावा म्हणून लोक त्या तारखांसाठी थांबतात. माझी गाडी मार्चात नोंदलेली, पण कारखान्यातून बाहेर पडलेली आदल्या नोव्हेंबरात. तीन वर्षं मोजायची ती बनल्यापासून, आणि आपल्या फॉर्म २० मध्येही उत्पादनाचा महिना आणि वर्ष भरायला जागा आहे. कंपनीकडून चेसिस नंबर घालून तसं पत्र मागव, मूळ प्रत, सही-शिक्क्याची, असं तुम्ही बजावलंत. ते यायला बराच वेळ गेला. पुढे कस्टम्स, विमा, आरटीओ, जिथे गेले तिथे सगळ्यात आधी तेच पत्र मागितलं गेलं. गाडी जहाजावर चढल्यानंतर मी ते मागवायला बसले असते, तर ती धक्क्यावर उभी आणि माझं डेमरेज, म्हणजे बंदरात पडून राहिल्याचं भाडं, चालू.

नावाचंही तुम्हीच पाहिलंत. पासपोर्टवर माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. तिकडच्या कागदावर वडील गायब. "दोन बायका आहेत या," म्हणालात, आणि प्रतिज्ञापत्र करायला लावलंत. व्ही-फाइव्ह-सीचा कायमच्या निर्यातीचा भाग फाडून तिथल्या खात्याला पाठवायचा असतो, तर फाडण्याआधी अख्ख्या कागदाची रंगीत झेरॉक्स काढून ठेव, हेही तुमचंच.

मुंबईला आल्यावर मामेभावाची सूचना होती, की कशाला खर्च, एक्सप्रेसवेने चालवतच आणू. तुमचं उत्तर एका शब्दाचं होतं: कॅरिअर. म्हणजे गाड्या वाहून नेणारा ट्रक. इंग्लंडात मागची नंबरप्लेट पिवळी असते. आपला वॉचमन गाडीभोवती फिरून म्हणाला, "ताई, टॅक्सी टाकली का?" त्या प्लेटवर खालापूरच्या टोलनाक्यावर काय झालं असतं, याची कल्पना करते आणि गप्प बसते.

तपासणीचं मला सगळ्यात दडपण होतं. अशा गाड्यांसाठी ज्या संस्थांचा दाखला चालतो, त्यात नगरची व्हीआरडीई, म्हणजे संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था, आणि आपली एआरएआय, म्हणजे गाड्यांच्या चाचण्या घेणारी पुण्यातली संस्था. १९६६ साली सुरू झालेली ही संस्था ज्या टेकडीवर आहे, ती अर्धं कोथरूड सकाळी चढतं. मीही लहानपणी बाबांबरोबर जायचे, आणि त्या कुंपणाच्या आत काय चालतं हे कधी विचारलं नव्हतं. तिथे आपल्याला काही येत नसलं तरी चालतं, येतं ते गाडीला यावं लागतं. तिला आलं.

आरटीओबद्दल थोडं लिहिते, कारण तिथे सांगण्यासारखं फार घडलंच नाही. संगम पुलाबाहेर एक एजंट "इंपोर्टेड आहे ना, आत काही होणार नाही तुमचं" म्हणून मागे लागला होता. मी घाबरून तुम्हाला फोन केला आणि विचारलं, की तुमच्या ओळखीचं कोणी आहे का. "हाताखाली शिकलेली पोरं आहेत, पण फोन करणार नाही. फाईल दे आणि उभी राहा." मला तेव्हा राग आला होता, काकू. सगळी नोकरी त्या खात्यात काढलेल्या बाईने एक फोन करू नये? पण बिल ऑफ एंट्री (आयातीचा कस्टम्समध्ये भरलेला कागद), कस्टम्सचा दाखला, विमा, तपासणीचा दाखला, कंपनीचं पत्र, पत्त्याचा पुरावा, सगळं तुमच्या अक्षरातल्या अनुक्रमणिकेप्रमाणे लावलेलं. निरीक्षकांनी चेसिसचा पेन्सिल प्रिंट घेतला आणि प्रत्येक कागदावरच्या नंबराशी ताडून पाहिला. सगळीकडे तोच नंबर, तेच नाव, तोच महिना. विचारायला काही उरलं नाही.

कर मात्र झोंबला. आयात गाडीला २० टक्के, आणि तोही ड्युटी धरून आलेल्या किमतीवर. "करावर कर असतो तो, भर," इतकंच तुमचं सांत्वन.

एमएच १२ ची प्लेट बसवताना शेवटची गंमत झाली. तिकडची पट्टी ५२० बाय १११ मिलिमीटर, आपली ५०० बाय १२०. म्हणजे रुंदीला जागा उरते आणि उंचीला कमी पडते. भोकं नव्याने पाडावी लागली. बसवणारा पोरगा म्हणाला, की असली गाडी त्याने पहिल्यांदाच पाहिली. मी म्हटलं, काकूंनीही.

पेढे तुम्ही घेतले नाहीत, मधुमेहाचं कारण सांगून. गौरीच्या जेवणाला श्रीखंड दोनदा घेतलंत ते मी पाहिलं होतं, तरी असो.

आता एक काम आहे. माझा भाचेजावई दुबईहून गाडी आणायचं म्हणतोय, आणि तुमच्या फाईलची झेरॉक्स मागतोय. द्यायला माझी हरकत नाही, तुमची नसावी. पण त्याच्या गाडीचं स्टीयरिंग डावीकडे आहे. मी सांगून पाहिलं, तो म्हणतो बघू, काहीतरी मार्ग निघेल. रविवारी त्याला तुमच्याकडे पाठवते. मेथी आणायला सांगू का?

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची