खिचडीवाल्या मावशींचा हुकूम

महोदय,
कोकणातल्या द्विशिक्षकी शाळेत खरी सत्ता खिचडी शिजवणाऱ्या मावशींची. पाचवीपर्यंतच्या मुलामागे 100 ग्रॅम तांदूळ, 20 ग्रॅम डाळ हे प्रमाण गुरुजी वहीत बघतात. मावशींचं माप मुठीत. पावसाळ्यात तांदूळ दमट होऊन किडे पडतात, म्हणून गोणी फळीवर, भिंतीपासून हातभर लांब. गोणीला टेकायची गुरुजींनाही परवानगी नाही! डाळ न भिजवता टाकली तर भाताचा गिचका होतो नि डाळ कच्ची राहते. अशी घाई नवे गुरुजीच करतात आणि ओरडा खातात. मोठे गुरुजी तोवर हजेरीचा आकडा मोबाइलवर भरायला रेंज शोधत सड्यावर, म्हणजे उंचावरच्या कातळमाळावर.

मावशींचं मानधन मात्र वेळेवर द्यावं.

– एक पालक, रत्नागिरी