सुट्टीत येणाऱ्या नातीच्या गोळ्या

नागपूर

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार.

छकुली रविवारी काटोलला येते आहे. तिच्या गोळ्यांचं फोनवर सांगितलं तर आई "हो गं, हो गं" म्हणेल आणि बाबा मध्येच टीव्हीचा आवाज वाढवतील. म्हणून लिहूनच पाठवते.

बाबा, तुम्ही विचारलं होतं, "गाठ काढली ना, मग स्टेरॉइड काहून चालू ठेवता?" रास्त प्रश्न आहे. पियुषिका ग्रंथी मेंदूच्या तळाशी, नाकाच्या मागे असते, वाटाण्याएवढी. तिच्यातली ती इवलीशी गाठ एसीटीएच हार्मोन बेसुमार सोडायची आणि त्याच्या हुकमावर मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, ओतत राहायच्या. म्हणून चेहरा गोल झाला, अंग सुटलं. डॉक्टरांनी मात्र आधी उंचीचं विचारलं. खाण्याने जाड होणारं मूल सहसा उंचीलाही वाढतं. वजन चढतंय आणि उंची अडलीय, तर हार्मोन तपासायचे. तुमच्या दाराच्या चौकटीवरच्या तिच्या शेवटच्या दोन रेघा बघा, मध्ये बोटभरही अंतर नाही.

गाठ गेली, पण इतके दिवस कॉर्टिसॉलचा पूर असल्यामुळे ग्रंथीतल्या चांगल्या पेशी सुस्तावल्या आहेत. त्या कामाला लागायला कित्येक महिने जातात, कधी वर्षाच्याही वर. तोवर शरीराला लागणारं कॉर्टिसॉल या हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळीतूनच मिळायचं. ती एकदम बंद केली तर रक्तदाब कोसळतो, साखर उतरते, जिवावर बेतू शकतं. "स्टेरॉइड वाईट" असं कोणी ओट्यावर बसून सांगितलं तर ऐकून घ्या आणि गोळी द्या.

आत्या म्हणते, तिच्या ओळखीतली मुलगी ऑपरेशनशिवाय बरी झाली. झालीच असेल. तिची गाठ प्रोलॅक्टिन नावाच्या दुसऱ्याच हार्मोनची होती. ती कॅबरगोलिनच्या गोळ्यांनी आकसते, मुलांमध्येही बहुतेकदा ऑपरेशन टळतं. छकुलीच्या या आजाराला कुशिंगचा आजार म्हणतात, त्यात पहिला उपाय ऑपरेशनच, तेही नाकातून. डोकं उघडलं नाही, हे आत्याला एकदा नीट सांगा.

आता आई, तुझ्यासाठी. आपलं ऊन तुला सांगायला नको. ताप आला तर गोळीचा डोस वाढवायचा. किती, ते डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलंय, तो फ्रिजवर चिकटव. ओकारी होऊन गोळी पोटात टिकली नाही, किंवा पोरगी गळून पडली, पेंगायला लागली, तर पन्हं-कांदा करत बसू नकोस. लगेच हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन, मग थेट दवाखाना. मला फोन वाटेत केला तरी चालेल. इंजेक्शन मांडीत कसं द्यायचं ते तिलाच पाठ आहे, ती बाबांना दाखवेल.

आणि "बारीक झाली गं बाई" असं कौतुकानेही नको. जाड म्हटल्याइतकंच तिला ते लागतं.

इंजेक्शनं दोन पाठवते आहे. एक घरात राहू द्या. दुसरं, बाबा, तिला संत्र्याच्या बागेत न्याल तेव्हा तुमच्या पिशवीत.

तुमची,
ताई