मेथी घ्यायला आलेल्या काकांना थँक्यू

काका नमस्कार, तुमच्याकडे साधा फोन आहे म्हणजे हे तुमची नातच वाचून दाखवणार, तर तिला आधीच सॉरी, जरा लांबण लावणार आहे मी.

गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात आजोबांच्या पेटीतली ती गंजलेली पक्कड घेऊन मी जो दिसेल त्याला विचारत फिरत होतो. एका दुकानदाराने ठामपणे सांगितलं होतं की बेल्टला भोकं पाडायची आहे, आणि मी घरी खरंच बेल्टवर दाबून बघितली, भोक नाही पडलं, नुसता खळगा. तुम्ही मेथीची जुडी बगलेत धरून ती हातात घेतली, अंगठ्याने गंज घासला, खालच्या गोल चकतीवर बारीक आकडे दिसले तसं म्हणालात, "अरे हे करवतीचे दाते वाकवायचं आहे, सॉ सेट." पुढे अजून घासल्यावर एक्लिप्स 77 हे नाव निघालं, इंग्लंडमधल्या शेफील्डच्या जेम्स नील कंपनीचं. आजोबा सातपूरला नोकरीला होते, सुतारकाम फक्त रविवारी, त्यामुळे हे त्यांच्याकडे कुठून आलं देव जाणे.

तेवढ्यावर थांबलो असतो तर बरं झालं असतं. घरी येऊन मला वाटलं दाते जेवढे जास्त वाकवू तेवढी करवत मोकळी चालेल, म्हणून जोर लावला आणि दोन दाते कटकन तुटले. पुढच्या बुधवारी तोंड पाडून तुमच्यासमोर आलो तर तुम्ही हसलात पण नाही, सरळ घरी घेऊन गेलात, आणि मी करवत पुढे केली तर म्हणालात, "मी नाही करणार, तू कर." तेव्हा राग आला होता, खोटं कशाला बोलू.

पण मग ओट्यावर बसून दोन फळ्यांमध्ये पातं घट्ट आवळून तुम्ही जे दाखवलं ना, ते मी कुठल्याच व्हिडिओत बघितलं नव्हतं. आधी चपटी कानस दात्यांच्या टोकांवरून सरळ फिरवायची, म्हणजे सगळे एका उंचीत येतात आणि प्रत्येक टोकावर चमकणारा ठिपका येतो, मग त्रिकोणी कानशीने तो ठिपका जेमतेम जाईपर्यंतच घासायचं, एक घासही जास्त नाही. कानस फक्त पुढे ढकलताना, मागे आणताना उचलून. चकतीवरचे आकडे म्हणजे इंचात किती टोकं ते, आणि आकडा मोठा तसा दाता कमी वाकतो. माझी करवत आठची निघाली तरी तुम्ही चकती दहावर लावलीत, कारण हे हत्यार जरा जास्तच वाकवतं म्हणे. मूठ दाबली की आधी पातं धरलं जातं आणि मग आतला दांडा दात्याला ढकलतो, वाकतं ते फक्त वरचं अर्धं, एक डावीकडे एक उजवीकडे. माझे दाते का तुटले ते तिथेच कळलं, मी बुडापासून वाकवत होतो. वाकवून झाल्यावर परत एकदा हलकी कानस, माझी करवत आडवं कापायची म्हणून तिरकी धरून. उभं चिरायची असती तर सरळ, हे पण तुम्हीच सांगितलं.

आणि ती सुई! दाते दोन्हीकडे सारखे वाकलेत का बघायला काकूंच्या डब्यातली शिवायची सुई दात्यांच्या मधल्या खाचेत ठेवून करवत तिरपी केलीत. तिसऱ्या वेळी ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न पडता घसरत गेली तेव्हा मी ओरडलोच, शेजारच्या बाई बाहेर आल्या होत्या.

पेटीतली दुसरी करवत, दात्यांची टोकं काळपट असलेली, तिच्यावर कानस नुसती घसरते म्हणून तुम्ही बाजूला टाकायला लावलीत, ती टाकली. टोकं कडक केलेली असतात ना, घासलीच जात नाहीत.

परवा वाड्याच्या जुन्या चौकटीचा सागवानी तुकडा कापला, पातं अडकलं नाही. साग दाते लवकर बोथट करतो म्हणालात ते मात्र खरं आहे हां, आजच परत ठिपके दिसायला लागलेत टोकांवर. आणि तुमची ती कानस मी चुकून पिशवीत घालून आणली, तीन आठवडे झाले, तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. येत्या बुधवारी आणतो, सोबत एक नवीनही, मेथीवालीपाशीच थांबा.