यादी सरळ करून दिल्याबद्दल: सर्व्हर सांभाळणाऱ्या ताईंना

ताई, स. न. वि. वि.

दिवाळी अंक छापून आला, वर्गणीदारांकडे रवानाही झाला. लेखक, चित्रकार, जाहिरातदार या सगळ्यांचे आभार संपादकांनी अंकातच मानलेत. त्या पानावर तुम्ही नाही, कारण अंकात तुमचा शब्दही नाही. पण छापखान्याला गेलेली फाइलींची यादी तुमच्यामुळे सरळ झाली, म्हणून हे पत्र. मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितोय. टर्मिनलपुढे, म्हणजे कमांड टाइप करायच्या पडद्यापुढे, डोकं धरून बसणारे आम्ही एकटेच नसणार.

छापखान्याचं मागणं साधं होतं: एका ओळीत एक फाइल, तारीख, साइज, नाव. फाइलींची यादी दाखवणारी लिनक्सची कमांड एलएस, तिला लांब यादीचा पर्याय डॅश एल लावून मारलं की हे येतंच. पण सोबत परमिशनची (फाइल कोण वाचू, लिहू, चालवू शकतं त्याची) ती आर-डब्ल्यू-एक्सची माळ, लिंकची संख्या, मालक, ग्रुप असं सगळं वऱ्हाडही येतं. तुम्ही पडद्याकडे बघितलंत आणि विचारलंत, "ही यादी वाचणार कोण? माणूस की मशीन?" तेव्हा हा प्रश्न आम्हाला जरा वाकडा वाटला होता. पण गुंता सुटला तो तिथूनच.

पहिलं गाऱ्हाणं तारखांचं होतं. मार्चमध्ये आलेल्या कथांपुढे साल दिसत होतं आणि ऑगस्टमधल्या जाहिरातींपुढे तास-मिनिटं. कुणीतरी सेटिंग बिघडवलं असणार, अशी आमची खात्री. तुम्ही सांगितलंत की एलएसची रीतच ही: सहा महिन्यांच्या आतली फाइल असेल तर वेळ, त्याहून जुनी असेल तर वेळेच्या जागी साल. माणसाला ते सोयीचं, पण यादी एक्सेलमध्ये गेली की एकाच कॉलममध्ये दोन जातीच्या गोष्टी. एलएसच्या टाइम-स्टाइल या पर्यायाला लाँग-आयएसओ दिलं आणि सगळ्या तारखा साल-महिना-दिवस अशा एका रांगेत उभ्या राहिल्या.

साइजचंही तसंच. डॅश एच लावलं की बाइटच्या लांबलचक आकड्यांऐवजी ९०० के (किलोबाइट), १.२ जी (गिगाबाइट) असं सुटसुटीत दिसतं. तेच साध्या सॉर्टकडे, म्हणजे ओळी क्रमाने लावणाऱ्या कमांडकडे, दिलं की १.२ जीची मुखपृष्ठाची फाइल ९०० केच्या वर जाऊन बसते, कारण साधा सॉर्ट सुरुवातीपासून एकेक अक्षर बघत जातो, के मोठा की जी हे त्याला कळत नाही. सॉर्टलाही डॅश एच असतो, हे आमच्या गावीही नव्हतं. आणि मुळात एलएसलाच डॅश मोठा एस दिला तर साइजप्रमाणे लावायला सॉर्ट लागतच नाही.

मला सगळ्यात गंमत वाटली ती याची की एलएस स्वतःच समोर कोण आहे ते बघून बोलतो. पडद्यावर तो नावं शेजारी-शेजारी कॉलममध्ये मांडतो. पाइपमधून (एका कमांडचं उत्तर दुसरीला देणाऱ्या वाटेने) दुसऱ्या कमांडकडे जायचं असेल तर मुकाट्याने ओळीला एक नाव. जागा सोडलेल्या नावांभोवती ती एकेरी अवतरणं दिसतात, तीही फक्त पडद्यावर. २०१६ साली एलएस ज्यात येतो त्या कोअरयुटिल्स या संचाची ८.२५ ही आवृत्ती आली तेव्हापासूनची ही पद्धत. आमच्या फाइलींच्या नावात खरोखरच कुणी अवतरणं घातलीत असं समजून आम्ही नावं बदलायला निघालो होतो, तेव्हा तुम्ही ती अवतरणं न लावणारा डॅश मोठा एन दाखवलात.

आता मराठीचं दुखणं. आमच्या निम्म्या फाइलींची नावं देवनागरीत. बॅशच्या (टर्मिनलमध्ये कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) प्रिंटएफला, म्हणजे ठरल्या रुंदीत मजकूर छापणाऱ्या कमांडला, नावासाठी वीसची रुंदी दिली तरी कॉलम वेडावाकडा. तुम्ही 'संपादकीय' हा शब्द घेऊन बसलात. डोळ्यांना पाच अक्षरं. अनुस्वार, काना, वेलांटी सुटी धरली की आठ. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत प्रत्येकाचे तीन बाइट, म्हणजे चोवीस. प्रिंटएफ बाइट मोजतो, त्याच्या लेखी वीसची जागा केव्हाच भरली, मग तो रिकामी जागा सोडेलच कशाला? त्यात टर्मिनलचा आणि फाँटचा काना-मात्रांच्या रुंदीचा हिशोब जुळेलच असंही नाही. तुमचा उपाय एका वाक्याचा: नाव शेवटी टाका, त्याच्या पुढे सरळ ठेवायला काही उरत नाही. एलएस डॅश एलमध्ये नाव शेवटीच असतं, हे मी इतकी वर्षं बघत होतो, पण त्यात काही सोय असेल असं कधी मनात आलं नाही.

मग फाइली शोधणारा फाइंड आला आणि त्याचा स्वतःचा प्रिंटएफ. टीवाय, टीएम, टीडी म्हणजे साल, महिना, दिवस, एस म्हणजे बाइट, एफ म्हणजे नुसतं नाव, मध्ये टॅब. हवं तेवढंच, हव्या त्या क्रमाने. फक्त ही यादी एलएसपेक्षा लांब निघाली. चित्रकाराच्या मॅकवरून आलेल्या फोल्डरांत टिंबाने सुरू होणाऱ्या, मॅक आपोआप बनवतो त्या डीएस-स्टोअरच्या फाइली होत्या, फाइंड त्याही मोजत होता. त्यावरून तुम्ही युनिक्सवर काम केलेल्या रॉब पाइक यांनी लिहिलेला किस्सा सांगितलात: जुन्या युनिक्समध्ये एक टिंब (हेच फोल्डर) आणि दोन टिंबं (त्याच्या वरचं फोल्डर) या दोनच नोंदी यादीतून गाळायच्या होत्या, पण तपासलं गेलं फक्त पहिलं अक्षर. तेव्हापासून टिंबाने सुरू होणारी प्रत्येक फाइल अदृश्य! एवढ्याशा आळसावर जगभरच्या लपलेल्या फाइली उभ्या आहेत, हे ऐकून संपादकही खुर्ची ओढून बसले होते.

तुमचं एक म्हणणं मात्र अजून गळी उतरलेलं नाही. 'लेख-२'च्या आधी 'लेख-१०' येऊ नये म्हणून डॅश व्ही आहे, पण तो इंग्रजी आकड्यांनाच आकडे मानतो, तेव्हा नावात तेच वापरा, असं तुम्ही सांगितलंत. वापरतोय, कुरकुरत का होईना.

चित्रकाराने परवा फोन केला, मॅकच्या एलएसला टाइम-स्टाइल कळत नाही म्हणून. डॅश एलसोबत डॅश मोठा टी द्यायला सांगितलं. सेकंदासकट वेळ आणि साल दोन्ही मिळालं त्याला. "तू कधी शिकलास हे?" म्हणाला. तुमचं नाव सांगून टाकलंय, त्यामुळे त्याचाही फोन येईल, तयारीत राहा.

अंकाची तुमची प्रत स्वागतकक्षात ठेवली आहे.

आपला,
अंकाचा मांडणीकार