सील बदलण्याआधी ब्रीदर बघा

महोदय,

गळीत हंगाम तोंडावर आला की ट्रकमालक टायर, पाटे, ब्रेक यांची कामं काढतात. मागच्या डिफरन्शियलचं, म्हणजे मागची चाकं फिरवणाऱ्या गियरच्या पेटीचं ऑइल मात्र पिनियन सील (शाफ्ट त्या पेटीत शिरतो तिथलं सील) गळायला लागेपर्यंत कुणाला आठवत नाही. गळायला लागलं की सरळ सील बदलायचं, दोन महिन्यांनी ते पुन्हा गळतं, मग दोष सीलच्या कंपनीला. खरा दोषी पुष्कळदा हौसिंगच्या, म्हणजे त्या पेटीच्या डोक्यावर बसलेला बोटाएवढा ब्रीदर, म्हणजे हवा ये-जा करायची वाट असतो.

भरलेली गाडी घाट चढते तेव्हा ऑइल तापतं आणि आतली हवा फुगते. तिला बाहेर पडायला वाट ब्रीदरचीच. चिखल आणि उसाच्या पाचटाचा भुगा बसून तो बुजला, की हवा ऑइलला सीलच्या ओठातून बाहेर ढकलते. पिनियन सील गळलं तर निदान जमिनीवर डाग दिसतो. चाकाच्या मधलं हब सील गळलं तर ऑइल ब्रेकच्या ड्रममध्ये उतरतं, ब्रेकचे लायनर भिजतात आणि खंबाटकी घाटाच्या उतारावर ते चाक ब्रेक धरत नाही. असे लायनर पेट्रोलने धुऊन परत बसवणारे आहेत. मुरलेलं ऑइल ड्रम तापला की पुन्हा वर येतं. एक्सलच्या दोन्ही बाजूंचे लायनर नवेच टाकावेत.

पावसाळ्यात याच्या उलट घडतं. तापलेलं हौसिंग फरशी पुलावरच्या पाण्यात शिरलं की एकदम निवतं, आतली हवा आकसते आणि पाणी ओढून घेते. म्हणून पाण्यातून गेलेल्या गाडीचं ऑइल हंगामाआधी तपासलंच पाहिजे. गाडी सपाट जागेवर उभी करून पंधरा-वीस मिनिटं थांबा, प्लगभोवतीची माती पुसा आणि लेव्हल प्लग उघडा. ऑइल भोकाच्या खालच्या कडेला लागून हवं. करंगळी आत घालून ते बोटाला लागत नसेल, तर नुसतं वरून ओतू नका, गेलं कुठून ते आधी शोधा. रंग दुधाच्या चहासारखा दिसला तर पाणी शिरलंय. शंका असेल तर तापलेल्या पत्र्यावर दोन थेंब टाका. पाणी असेल तर फोडणीसारखे तडतडतात.

असं ऑइल गरम असतानाच काढावं, आणि त्याआधी वरचा भरायचा प्लग सुटतोय का ते बघावं. खालून सगळं सांडून गेल्यावर वरच्या प्लगचे कोपरे गोल झाले, तर गाडी जागेवरच अडकते. डिझेलने धुऊ नका. ते कोपऱ्यांत साचून राहतं आणि नवं ऑइल पातळ करतं. एक्सलच्या नळ्यांत दुधाळ ऑइल उरतंच, म्हणून नवं भरून रिकामी गाडी वीस-तीस किलोमीटर फिरवा आणि तेही काढून टाका. खर्च वाटतो खरा, पण गंजलेल्या बेअरिंगपुढे काहीच नाही.

ड्रेन प्लगच्या चुंबकावर करडं, लोण्यासारखं मऊ काही असेल तर ती नेहमीची झीज. नखात टोचणारे तुकडे किंवा चकचकीत पापुद्रे आले, तर मात्र ऑइल बदलून भागत नाही, हौसिंग उघडावं लागतं. आवाजाचंही तसंच. फक्त वळणावर आवाज आला तर वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे आतले स्टार गियर बघा. सरळ रस्त्यावर ॲक्सिलरेटर दिल्यावर एक सूर आणि सोडल्यावर दुसरा, असं असेल तर क्राउन-पिनियनचा, म्हणजे पेटीतल्या दोन मुख्य गियरचा मेळ बिघडलाय. हा सूर दाबायला १४० नंबरचं जाड ऑइल टाकायची चाल जुनी आहे. आवाज दबतो, दात झिजायचे थांबत नाहीत.

क्राउन-पिनियनच्या हायपॉइड गियरचे दात एकमेकांवर सरकत घासतात, म्हणून त्यांना जीएल-५ दर्जाचं (जीएल ही गियर ऑइलची प्रतवारी) ऑइल लागतं. जीएल-४ तिथे कमी पडतं. उलट तेच जीएल-५ कंपनीने सांगितलं नसताना गिअरबॉक्समध्ये ओतलं, तर गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगांना बाधू शकतं. नंबर आणि लिटर दोन्ही त्या एक्सलच्या पुस्तिकेतले घ्या. ‘थोडं जास्त असू दे’ म्हणून वर भरलेलं ऑइल घुसळून फेसाळतं, तापतं आणि पुन्हा सीलवरच येतं. सील खरंच बदलावं लागलं, तर पिनियनचा नट पान्याला पाईप लावून अंदाजाने आवळू नये. बेअरिंगचा प्रीलोड, म्हणजे बसवतानाच दिलेला ठरावीक दाब बिघडला की नव्या सीलसकट बेअरिंग जातं.

साखर कारखाने वाहतुकीचे करार करताना वाहनांना रिफ्लेक्टर लावून घेतात. त्याच दिवशी ब्रीदर साफ आहे का आणि मागच्या ड्रमच्या आतल्या कडेला ऑइल ओघळलंय का, एवढं बघावं. एका गाडीला पाच मिनिटं लागतात.

– ट्रक दुरुस्ती करणारे काही मेस्त्री, कराड