लहान हुकाची खाच बंद, आणि तुमचा माणूस म्हणतो काडी ओढा

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: गोचीड काढायच्या हुकांच्या जोडीतला लहान हुक निकामी असल्याबाबत

ऑर्डर क्रमांक इथं लिहीत नाही. तुमची माणसं दर फोनला तो माझ्याकडून वदवून घेतात, एव्हाना तुमच्या ऑफिसात पाठ झाला असेल.

हुक कसा चालतो ते मी तुम्हाला शिकवायला नको. खाच टोकापासून आत निमुळती होत जायला हवी, गोचिडाचं तोंड कातडीलगत तिच्यात अडकायला हवं, मग पोटावर दाब न देता फिरवून अलगद उचलायचं. तुम्ही पाठवलेल्या लहान हुकाच्या खाचेत साच्यातला प्लॅस्टिकचा पापुद्रा तसाच राहिलाय. उजेडाकडं धरला की दिसतो, नखानं निघत नाही. खाच अर्ध्यातच संपते. कुत्र्याच्या कानामागचा बारीक गोचीड तिच्यात शिरतच नाही, हुक वरनं घसरतो, जोर केला तर गोचीड फुटतो आणि तोंड कातडीतच राहतं. फोडायचाच असता तर माझी बोटं होती की.

आणि मला लहानच हुक पाहिजे होता. आमचा भाग जांबोटीकडचा, जंगलाला लागून. काजूच्या दिवसांत माणसं सकाळपासून झाडाखाली वाकलेली असतात. माकडताप 1957 साली शिवमोग्ग्याकडच्या क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा सापडला, तो 2016 पासून घाटाखाली दोडामार्गातही माणसांना होतोय. माणसाला तो बहुतेक वेळा गोचिडाच्या पिल्लांकडून लागतो, आणि ती तिळाएवढी असतात. मोठा हुक म्हशीच्या कासेवरच्या टम्म फुगलेल्या गोचिडासाठी ठीक. तिळाला तो काय करणार?

आता फोनचं सांगतो. तुमच्या यंत्रावरची मराठी फक्त महाराष्ट्रातल्या पत्त्यांना मिळते म्हणे, आमचा जिल्हा बेळगाव म्हणून कन्नड लागलं. माझी काही हरकत नाही, मला कन्नड येतं. पलीकडच्या माणसाला येत नव्हतं. शेवटी दोघंही हिंदीवर आलो.

खाच बंद आहे, असं मी सांगितलं. ते म्हणाले, "सर, अडकलेल्या गोचिडाचा फोटो पाठवा." मी म्हटलं, अहो, अडकत नाही हीच तर तक्रार आहे. थोडा वेळ गाणं वाजवलं. परत आले आणि म्हणाले, "सर, तोवर त्याच्यावर थोडं रॉकेल टाका, नाहीतर काडी ओढून धरा, आपोआप सुटतो."

साहेब, माझ्या हातात तुमचंच पाकीट होतं. त्याच्या पाठीवर ठळक अक्षरात छापलंय की तेल लावू नका, जाळू नका, चिमटीत दाबू नका. ते छापलंय ते बरोबरच आहे. डिवचलेला गोचीड पोटातली घाण उलट जखमेत सोडू शकतो, आमच्या गुरांच्या डॉक्टरांनीही हेच सांगितलंय. मी ते वाक्य त्यांना वाचून दाखवलं. त्यावर तुमचा माणूस काय म्हणाला? "सर, ते मार्केटिंगचं असतं."

मार्केटिंगचं! म्हणजे कुत्र्याच्या कानाशी पेटती काडी धरायची, तर तुमच्या हुकाला पैसे कशाला मोजायचे? काडेपेटी आमच्या खानापुरातही मिळते. वर विचारतात, "आणखी काही मदत करू का?" मी नको म्हटलं. लगेच मोबाईलवर मेसेज, आमच्या सेवेला पाच तारे द्या. आणि त्याच संध्याकाळी दुसरा मेसेज की तक्रारीचं समाधानकारक निवारण झालं. कुणाचं समाधान झालं ते तेवढं कळवा.

"वापरलेली वस्तू परत घेत नाही" हेही मला ऐकवलं गेलं. वापरता आली असती तर पत्रच लिहिलं नसतं. खाच बंद आहे, हे पुन्हा लिहितोय, कारण फोनवर ते कुणाच्याच कानात शिरलं नाही.

तुमची वस्तू मी गावात चार घरांत शिफारस करून ठेवली होती. आता लोक मलाच विचारतात, काय हो, तुमच्या त्या हुकाचं काय झालं?

पंधरा दिवसांत लहान हुक बदलून द्या किंवा पूर्ण पैसे परत करा. नाहीतर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन, आणि पुढं बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. 2019 च्या कायद्यानं तक्रारदार राहतो तिथंच दावा लावता येतो, आणि एवढ्याशा रकमेला फीही लागत नाही. यायचं तुम्हाला आहे, ते पण पाकीट घेऊन. पाठीवरची ओळ तिथं मोठ्यानं वाचायला लावीन.

मोठा हुक परत मागू नका. तो चांगला आहे, रोज गोठ्यात लागतो.

आपला ग्राहक,
जांबोटी, ता. खानापूर, जि. बेळगाव