मिठीकाठच्या घराविषयी

चि. मिहीर यास अनेक आशीर्वाद.

काल फोनवर आपला दोघांचाही आवाज चढला, म्हणून आज लिहीत आहे. कुर्ल्याच्या घराचे भाडे तुझ्या पगारात बसते आणि ऑफिस जवळ आहे, हे मला मान्य आहे. प्रश्न एवढाच, की ते तळमजल्यावर का?

मागच्या पाण्याला तू 'नाला' म्हणालास. कारखान्यांचे आणि वस्त्यांचे सांडपाणी वाहता वाहता त्या नदीचे नाव अनेकांच्या तोंडून गेलेच होते. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर ते पुन्हा सर्वतोमुखी झाले. ती मिठी. मुखाशी असलेल्या गावावरून तिला माहीम नदीही म्हणतात, जशा साष्टी बेटावरच्या दहिसर, पोईसर आणि ओशिवरा या नद्या आपापल्या गावांच्या नावाने ओळखल्या जातात. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यांचे पाणी घेऊन ती मरोळ, साकीनाका, कुर्ला, धारावी अशी सुमारे १८ किलोमीटर वाहते आणि माहीमच्या खाडीला मिळते. पूर्वी त्या खाडीपाशी साष्टी संपून मुंबईची बेटे सुरू होत. विमानतळापाशी धावपट्टीसाठी तिला वळवले, वांद्रे-कुर्ला संकुलासाठी तिवरांची दलदल भरून काढली, आणि पाण्याला पसरायला जागाच उरली नाही. वर भरती असली की खाडीचे पाणी पात्रात चढते आणि पावसाचे पाणी मागे तुंबते. २६ जुलैच्या त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता, आणि तळमजल्यावरच्या माणसांना सामान उचलायलाही सवड मिळाली नाही.

पुन्हा वर्गच घेऊ लागलो, क्षमा कर. पण कलिन्याचे अक्काचे काळे कपाट आठव. फुगलेले त्याचे दार नंतर कधीच नीट लागले नाही, आणि खालच्या कप्प्यातली तुझी बाळंतविड्याची दुपटी चिखलाने कडक झाली होती. तुझी आई ती धूत बसली आणि तू शेजाऱ्यांच्या पोटमाळ्यावरून 'पाणी गेलं का?' असे सारखे विचारत होतास. तोच तू आज स्वतःच्या कमाईवर घर घेतोस, हे मी सोसायटीत सगळ्यांना सांगून झाले आहे.

आगाऊ भाडे देण्यापूर्वी त्याच इमारतीत वरची खोली मिळते का, ते विचार. भाड्यातला फरक मी पाठवीन. आणि तळमजल्याचे अक्काला इतक्यात कळवू नकोस.

तुझे,
बाबा